मोटर वर काढण्याआधी

प्रति,
सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य आणि पंपावर काम करणारे जलसुरक्षक यांस,

स. न. वि. वि.

टाकीत पाणी चढलं नाही की आम्हाला फोन येतो, आणि पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "मोटर गेली, काढायची गाडी घेऊन या." मोटर गेली हे कशावरून ठरवलं असं विचारलं, तर उत्तर येतं "चालू होत नाही" किंवा "पाणीच येत नाही". या दोन्ही गोष्टी मोटर ठणठणीत असतानाही होतात. फ्यूज उडतो, कॉन्टॅक्टरचे (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात, स्टार्टरमधला स्क्रू ढिला होतो, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फेज (विजेच्या तीन वायरांपैकी एक) जातो, बोअरची पातळी खाली जाते, एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) अडकतो, जेसीबीचा दात लाइनला लागतो. यातलं काहीही झालं तरी गावाला दिसतं एवढंच की नळ कोरडा आहे.

आम्ही मोटर रिवायंडिंग (जळलेलं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, नव्यानं भरणं), पंपदुरुस्ती आणि नळयोजनांची देखभाल करणारी माणसं. मोटर वर काढली, भरली, परत सोडली की बिल आमचंच होतं. तरीही सांगतो, कारण चुकीच्या निदानावर काढलेली मोटर पुन्हा बंद पडते तेव्हा "परवाच तर भरून आणली होती" हे ऐकूनही आम्हालाच घ्यावं लागतं. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला, आणि वर नाव डॉक्टरचं खराब.

आमची मागणी अशी : जमिनीवर उभं राहून जेवढं तपासता येतं ते तपासून, त्याचे आकडे वहीत उतरवल्याशिवाय मोटर वर काढायचा निर्णय घेऊ नका. समितीनं तसा ठराव करावा आणि तो पंपघराच्या दारावर लावावा.

मोटर वर काढून बघायला काय हरकत आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. हरकत बरीच आहे. शंभर-सव्वाशे मीटर खोल सोडलेला पंप वर घेताना केबल केसिंगच्या (बोअरच्या तोंडाच्या नळीच्या) काठाला घासते, कॉलम पाइपच्या (पंपापासून वर येणाऱ्या पाइपच्या) आट्या झिजतात, पाइपच्या जोडाचा एखादा सॉकेट सुटला तर सगळा संच बोअरमध्ये पडतो. काढायला आणि परत सोडायला मिळून दिवस जातो, आणि तेवढा दिवस गाव टँकरवर. याहून मोठं नुकसान असं की वर काढताक्षणी पुरावा जातो. पंप पाण्यात, लाइनला जोडलेला असताना किती अँपिअर घेत होता, किती प्रेशर देत होता, हे वर काढल्यावर कुणीच सांगू शकत नाही. मग मेकॅनिक अंदाजानं दोन-चार पार्ट बदलतो आणि नेमकं काय बिघडलं होतं ते गुलदस्त्यातच राहतं.

आधी वहीबद्दल, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट राहतं. पंप व्यवस्थित चालत असताना त्याचे आकडे कुणी लिहून ठेवत नाही. बिघाडाच्या दिवशी क्लॅम्प मीटर ९ अँपिअर दाखवतो, पण चांगल्या दिवशी तो ९ दाखवायचा की १२, हे माहीत नसेल तर त्या ९ ला अर्थ नाही. म्हणून आज, पंप सुरळीत असतानाच, वही घाला. मोटरच्या नेमप्लेटवरचे एचपी, व्होल्ट, अँपिअर आणि पंपाची हेड (पाणी किती उंच चढतं) व डिस्चार्ज (किती पाणी निघतं) यांची मर्यादा पहिल्या पानावर. प्लेट मोटरबरोबर बोअरमध्ये गेली असेल तर खरेदीचं बिल शोधा. मग महिन्यातून एकदा : बंद असताना आणि चालू असताना तिन्ही फेजमधलं व्होल्टेज, तिन्ही वायरांचा करंट, प्रेशर गेजचा आकडा, पंप चालू करण्याआधीची आणि तासाभरानंतरची पाण्याची पातळी, टाकी भरायला लागलेला वेळ. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

यासाठी लागतं ते असं : क्लॅम्प मीटर, ज्याला आपल्याकडं टंग टेस्टर म्हणतात. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरांचं इन्सुलेशन मोजायचं मीटर. बोअरच्या तोंडाशी, स्लूस व्हॉल्व्हच्या (लाइन उघड-बंद करायच्या झडपेच्या) आधी बसवलेला प्रेशर गेज. दोनशे लिटरचा ड्रम. पातळी मोजायला खुणा केलेली दोरी आणि वजन. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याचा हिस्सा असतो आणि त्यातून देखभालीचा खर्च करता येतो, त्यामुळे पैसे नाहीत ही सबब आम्हाला फारशी पटत नाही. गेज नसलेले बोअर आम्हाला पदोपदी दिसतात. टीची (पाइपच्या फाट्याची) जागा सोडलेली असते, त्यावर प्लग मारलेला असतो. तो प्लग काढून गेज लावा.

आता बिघाडाचा दिवस. हात लावण्याआधी दोन प्रश्न. नेमकं काय होतंय? आणि गेल्या आठवड्याभरात काय बदललं?

पहिल्या प्रश्नाला "पंप बंद आहे" हे उत्तर चालत नाही. स्टार्टर उचलतच नाही, उचलतो पण तडतडतो, उचलतो आणि काही सेकंदांत ट्रिप होतो, मोटर चालते पण गेजवर काटा हलत नाही, बोअरवर पाणी आहे पण टाकीत कमी पडतं, टाकी भरते पण खालच्या आळीला पाणी नाही. ही सहा वेगवेगळी दुखणी आहेत आणि यातल्या निम्म्यांचा मोटरशी संबंध नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जलसुरक्षकाकडं असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. डीपी बदलली का, रस्त्याचं किंवा केबलचं खोदकाम झालं का, वीज पडली का, नवीन नळजोडण्या दिल्या का, टाकी धुतली का. तो चुकला का हे शोधायला विचारू नका, म्हणजे तो खरं सांगेल.

स्टार्टरपाशी सुरुवात करा. पॅनेल उघडण्याआधी मेन स्विच बंद, किटकॅट (फ्यूजचा काढता येणारा तुकडा) काढून स्वतःच्या खिशात, म्हणजे दुसरा कुणी चालू करणार नाही. कपॅसिटर (यात वीज साठून राहते) बसवलेला असेल तर स्विच बंद केल्यावर लगेच हात घालू नका. एखाद-दोन मिनिटं जाऊ द्या, आणि टेस्ट लॅम्प लावून तो उतरल्याची खात्री करा. जिथं लाइव्ह मोजायचं आहे तिथं रबरी मॅट, कोरडे हात, आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. डीपीवर चढायचं नाही. डीओ (ट्रान्सफॉर्मरचा वरचा फ्यूज) बसवणं हे लाइनमनचं काम आहे, कितीही तहान लागली असली तरी.

व्होल्टेज तीन वेळा मोजा : आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं). ४१५ व्होल्टच्या सप्लायला सहा टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ३९० ते ४४०. मोटर बंद असतानाचं व्होल्टेज मात्र फसवं असतं. रिकाम्या लाइनवर ४२० दिसणारा आकडा मोटर उचलल्यावर ३४० वर येतो, आणि मग एनव्हीसी कॉइल कॉन्टॅक्टर धरून ठेवू शकत नाही, तो तडतडतो. तेव्हा चालू असतानाही मोजायचं.

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे, असं समजू नका. चालू मोटरचा एक फेज गेला तरी मोटर स्वतः त्या वायरवर व्होल्टेज तयार करते आणि टेस्टर खुशाल पेटतो. त्याच डीपीवरच्या दुसऱ्याच्या मोटरमुळंही तो पेटतो. सिंगल फेजिंग ओळखायचं ते करंटवरून : एका वायरीत शून्य आणि उरलेल्या दोन्हींत नेहमीच्या पावणेदोनपट. असं दिसलं की ताबडतोब बंद करा, कारण वाइंडिंग याच अवस्थेत जळतं.

एक खूण लाइनमनला फोन करताना फार उपयोगी पडते. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजा. एक फेज २४० आणि बाकीचे दोन साधारण १२०-१२० असतील, म्हणजे गावात काही घरांत दिवे झगझगीत आणि काही घरांत मंद, तर डीपीच्या ११ केव्ही बाजूचा एक डीओ उडाला आहे. एक फेज पूर्ण मेलेला आणि दोन चांगले असतील तर एलटी (कमी व्होल्टच्या) बाजूचा फ्यूज किंवा जंपर (जोडतार). "लाइट नाही" असं सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर लाइनमन योग्य सामान घेऊन येतो.

तिन्ही व्होल्टेज बरोबर असूनही स्टार्टर उचलत नसेल तर आधी पॅनेलमध्ये शोधा, बोअरमध्ये नाही. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ट्रिप झालेला असतो, ड्राय रन प्रिव्हेंटरनं (कोरडा पंप बंद करणाऱ्यानं) अडवलेलं असतं, सिंगल फेज प्रिव्हेंटरला (एक फेज गेला की मोटर बंद करणाऱ्याला) फेजचा क्रम उलटा दिसतो म्हणून तो चालू होऊ देत नाही, किंवा एनव्हीसी कॉइलच तुटलेली असते. यातलं प्रत्येक एकेक करून तपासता येतं. काडी किंवा लाकडाचा तुकडा घालून कॉन्टॅक्टर दाबून ठेवणं हा उपाय नव्हे. अशानं मोटरचं सगळं संरक्षण एका फटक्यात निघून जातं.

ओव्हरलोड रिलेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त खोडसाळपणा इथंच होतो. रिले ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग वाढवली जाते, पुन्हा ट्रिप होतो म्हणून पुन्हा वाढवली जाते, आणि शेवटी मोटर जळते तेव्हा रिले नेमप्लेटच्या दीडपटीवर असतो. डीओएल स्टार्टरवर (मोटर थेट लाइनवर घेणाऱ्या) सेटिंग नेमप्लेटच्या अँपिअरइतकी. स्टार-डेल्टामध्ये (मोटर दोन टप्प्यांत चालू करणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला असतो, तिथं लाइन करंटच्या ०.५८ पट, म्हणजे २३ अँपिअरच्या मोटरला साधारण १३.३. स्टार-डेल्टावर सरळ २३ लावून ठेवलेले रिले आम्हाला सर्रास दिसतात. तो रिले काय, नसल्यासारखाच. रिले का ट्रिप होतोय हे तो स्वतः सांगत नाही, पण करंट मोजला की कळतं.

करंट मोजताना एका वेळी एकच वायर क्लॅम्पमध्ये घ्या. संपूर्ण फ्लॅट केबल एकदम जबड्यात घातली की मीटर शून्य दाखवतो, कारण तिन्ही फेज एकमेकांना खोडतात. या शून्यावरून "मोटर करंटच घेत नाही, कॉइल तुटली" असे निष्कर्ष काढलेले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. आता आकडे काय सांगतात ते बघू. तिन्हींत नेमप्लेटच्या पाच-सहापट आणि मोटर फिरत नाही : पंप जाम आहे, किंवा व्होल्टेज फारच पडतंय. तिन्हींत शून्य आणि स्टार्टर उचललेला : कॉन्टॅक्टरचे पॉइंट किंवा केबल. तिन्ही समान पण नेहमीपेक्षा बरेच कमी, आणि पाणी नाही : मोटर फिरतेय पण तिच्यावर काम नाही. पाणी संपलं, पंपाची जाळी तुंबली, किंवा मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलं.

तिन्ही वायरांत वेगवेगळा करंट असेल तर घाई करू नका. समजा १४, १२ आणि १३ आले. सरासरी १३, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या वर गेलं तर मोटर चालवू नका. हा फरक लाइनचा की मोटरचा, हे काढायची युक्ती सोपी आहे आणि ती फारच थोडे जण वापरतात. सप्लाय बंद करून डीओएल स्टार्टरवरच्या मोटरच्या तिन्ही वायरा एकेक घर सरकवा : पहिल्याची दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, तिसऱ्याची पहिल्यावर. तिन्ही सरकल्यामुळं फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजा. १४ चा आकडा स्टार्टरच्या त्याच टर्मिनलवर राहिला तर दोष सप्लायचा, डीपीचा किंवा कॉन्टॅक्टरचा. तो मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष केबलमध्ये किंवा मोटरमध्ये. व्होल्टेजमधला दोन टक्क्यांचा असमतोल करंटमध्ये त्याच्या सहा ते दहापट होऊन दिसतो. त्यामुळं चांगली मोटर काढून भरायला दिली, तरी नवी कोरी मोटरसुद्धा त्याच लाइनवर तसाच असमान करंट घेणार.

डीपी किंवा केबल बदलल्यावर पाणी अचानक निम्म्यावर आलं, तर आधी दिशेचा संशय घ्या. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. सबमर्सिबल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतो, म्हणूनच फसगत होते. सप्लाय बंद करून डीओएल स्टार्टरवर मोटरच्या कोणत्याही दोन वायरांची अदलाबदल करा आणि दोन्ही वेळचं प्रेशर लिहा. ज्या बाजूला प्रेशर जास्त ती दिशा बरोबर.

मग मेगर. मोटरची केबल स्टार्टरपासून पूर्ण सुटी करूनच मेगर लावा, नाहीतर ५०० व्होल्ट पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांत जातात आणि प्रिव्हेंटर मरतो. प्रत्येक वायर आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यात मोजा. विहिरीत सोडलेली चांगली मोटर केबलसकट दोन मेगओहमच्या वर दाखवते. अर्धा मेगओहम ते दोन या पट्ट्यात असेल तर चालवा, पण दर आठवड्याला मोजा आणि घसरतंय का बघा. अर्ध्याच्या खाली गेलं की पुढची तयारी करा. शून्यालगत असेल तर कुठंतरी अर्थ झालंय. मात्र तेवढ्यावरून वाइंडिंग जळालं असं म्हणता येत नाही. अर्थ होण्याची सर्वांत लाडकी जागा म्हणजे मोटरची शेपटी (तिच्यातून निघणारी आखूड केबल) आणि खालची केबल जोडलेला जॉइंट. म्हणून मोटर वर आलीच, तर तिला रिवायंडिंगच्या दुकानी धाडण्याआधी तिथंच जॉइंट कापा आणि मोटर एकीकडं, केबल दुसरीकडं अशी वेगवेगळी मोजा. मोटर चांगली निघाली तर काम एका जॉइंटचं आहे. नवा जॉइंट मारताना तिन्ही वायरांचे जोड एकाच रेषेत न ठेवता पुढंमागं घ्या, आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, वर पीव्हीसी टेप, आणि सोडण्यापूर्वी जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून मेगर मारा. बादलीत नापास झालेला जॉइंट बोअरमध्ये पास होत नाही.

मोटर चालते, करंट ठीक, तरी पाणी कमी. इथं गेज कामाला येतो. पंप चालू ठेवून बोअरवरचा स्लूस व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा, आकडा वाचा, लगेच उघडा. मिनिटभरापेक्षा जास्त बंद ठेवू नका. पाणी वाहिलं नाही तर मोटर गार राहत नाही. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर. पंपाचं बंद व्हॉल्व्हवरचं हेड १०० मीटर असेल आणि पाणी ३० मीटर खाली असेल तर गेजवर सात किलोच्या आसपास यायला हवं. सात आलं तर पंप, कॉलम पाइप आणि मोटर, सगळं बरोबर आहे. पुढं लाइनकडं चला. चारच आलं तर इंपेलर (पंपातली पाणी ढकलणारी चाकं) झिजलेत किंवा कॉलम पाइपला भोक आहे, आणि आता मोटर वर काढायला कारण आहे. पंपाचं बंद हेड माहीत नसेल, तर चांगल्या दिवशी याच पद्धतीनं घेतलेला आकडा वहीत असायला हवा. वहीचा आग्रह आम्ही का धरतो ते इथं कळतं.

कधी गेज सुरुवातीची दहा मिनिटं झकास आकडा दाखवतो, मग काटा डोलायला लागतो, करंट उतरतो, पाण्यात हवा येते. हे बोअरचं दुखणं आहे, पंपाचं नाही. पाझर कमी आणि उपसा जास्त. राज्याचा बराचसा भाग बेसाल्टचा. पाणी असतं ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत, आणि ते थर उन्हाळ्यात रिकामे होतात. अशा वेळी हमखास सुचणारा उपाय म्हणजे मोठ्या एचपीची मोटर. ती पाणी आणखी लवकर संपवते, बस्स. व्हॉल्व्ह चेपून पंपाचा उपसा पाझराइतका करा, किंवा दोन तास चालू, दोन तास बंद अशा पाळ्या लावा. पंप खाली सोडायचा विचार असेल तर आधी दोरी सोडून पातळी मोजा. पातळी पंपाच्या बरीच वर असेल तर खाली सोडून काही हाती लागत नाही, आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही.

बोअरवर पाणी आहे, टाकीत कमी आहे, असं असेल तर दोन्ही टोकांना मोजा. बोअरजवळ वॉशआउट (पाणी बाहेर सोडायचं तोंड) असेल तर तिथून ड्रम भरा. पण इथं एक गोम आहे. उघड्या तोंडातून पंप नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकतो, कारण त्याला चढ नसतो. म्हणून वॉशआउटचा व्हॉल्व्ह चेपून गेजवर तेवढंच प्रेशर आणा जेवढं टाकी भरताना असतं, आणि मग घड्याळ लावा. दोनशे लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर मिनिटाला ३०० लिटर. आता टाकीवर या. टाकीचं गावाकडं जाणारं आउटलेट बंद करा. आतला व्यास चार मीटर असेल तर पाणी दहा सेंटिमीटर चढलं म्हणजे १,२५७ लिटर. ते चढायला पाच मिनिटं लागली तर मिनिटाला साधारण २५१ लिटर. वाटेत ४९ लिटर गेले. सहा तासांत ते १७,६४० लिटर होतात, आणि जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं ते ३२० माणसांचं एका दिवसाचं पाणी. नवा बोअर घेण्याचा ठराव करण्यापूर्वी हे गणित ग्रामसभेत एकदा मांडाच.

गळती सापडली नाही आणि पाणी तरी कमी, तर चढावरचे एअर व्हॉल्व्ह बघा. ते गंजून बसले की उंचवट्यावर हवेचा गोळा साचतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. एअर व्हॉल्व्ह उघडल्यावर हवा फसफसत निघाली आणि टाकीवरची धार वाढली, की दोष सापडला. पंप बंद केल्यावर एनआरव्हीच्या पुढं गेज असेल तर तोही बघा. काटा टाकीच्या उंचीइतक्या आकड्यावर थांबायला हवा. भराभर खाली आला तर लाइन फुटली आहे किंवा एनआरव्ही मागं पाणी सोडतोय.

खालच्या आळीच्या तक्रारीबद्दल थोडक्यात. त्या आळीचा व्हॉल्व्ह उघडलाय म्हणजे खरोखर उघडलाय असं नाही. स्पिंडल तुटलेला असतो, चावी गरगर फिरते आणि आतली गेट खालीच पडलेली असते. ते निस्तरूनही पाणी नसेल तर वरच्या घरांनी नळाला लावलेले टिल्लू पंप. एकदा गावठाणाची वीज नसलेल्या वेळेत पाणी सोडून बघा. शेवटच्या घराला धार आली तर उत्तर मिळालं, आणि ते राजकीय आहे. आमच्या पान्यात ते बसत नाही.

एका वेळी एकच बदल करा, हा नियम मात्र सगळीकडं लागू. घाईत कॉन्टॅक्टर बदलला, फेज फिरवले, रिले वाढवला आणि पंप चालू झाला, तर कशानं झाला ते कळत नाही, आणि वाढवलेला रिले तसाच राहतो. एक बदल, एक मोजणी, वहीत एक ओळ. उपयोग झाला नाही तर तो बदल जसा होता तसा परत करा आणि पुढं जा.

हंडा मोर्चा ग्रामपंचायतीच्या दारात असताना हे सगळं कोण करणार, असा प्रश्न रास्त आहे. वर लिहिलेली बोअरवरची तपासणी, म्हणजे व्होल्टेज, करंट, मेगर आणि गेज, सवय असलेल्या माणसाला तासाभराच्या आत जमते. मोर्चातल्या बायांना "तपासतोय, हे आकडे बघा" असं सांगता येतं. "मोटर काढलीय, भरायला गेलीय, कधी येईल माहीत नाही" यापेक्षा ते बरं नाही का? खरी अडचण वेगळीच आहे. जलसुरक्षकाचं मानधन तुटपुंजं, तेही महिनोन्महिने अडकलेलं, आणि त्याच्या हातात टेस्टरपलीकडं काही नाही. त्याला मीटर द्या, तो चालवायला शिकवा, आणि "संध्याकाळपर्यंत पाणी पाहिजे, काहीही कर" असं सांगणं बंद करा. कॉन्टॅक्टरमध्ये काडी घालायला त्याला हेच वाक्य भाग पाडतं.

यापुढं आम्हाला बोलावताना फोनवर पुढील गोष्टी सांगा किंवा वहीच्या पानाचा फोटो पाठवा : मोटर किती एचपीची आणि नेमप्लेटवर किती अँपिअर, बंद आणि चालू असतानाचं तिन्ही व्होल्टेज, तिन्ही करंट, प्रत्येक वायरीचा मेगरचा आकडा, गेज उघड्या आणि बंद व्हॉल्व्हवर किती, पाण्याची पातळी किती खाली, पंप किती खोल सोडलाय, आणि शेवटचा बदल कोणता व कधी झाला. एवढं असेल तर आम्ही चेन-पुली घेऊन यायचं की फक्त एक कॉन्टॅक्टर आणि पाना, ते निघण्यापूर्वीच ठरवता येतं. जिथं हे आकडे नाहीत तिथं आम्ही आधी मीटर लावणार आणि मगच पुलीला हात घालणार. त्यासाठी कृपया तासभर वाट बघावी.

कळावे,

आपले,
मोटर रिवायंडिंग, पंपदुरुस्ती आणि नळयोजनांची देखभाल करणारे काही कारागीर